बिनगजांची खिडकी

"पोरीला अशी खिडकीत बसवू नको गो बाय, दृष्ट लागते," असं ठमाबाई म्हणाली होती आणि सत्यवती हसली होती. हसण्यासारखंच होतं ते. गौरी-गणपती नुकते बोळवलेले, हवा धुवून वाळत घातल्यासारखी, मांडवीच्या बाजूचा खारट वारा थेट घरात शिरत होता आणि खाली अंगणात ठमाबाई उभी होती. डोक्यावर मासळीची भरलेली पाटी, त्यामुळं मान वर करायची सोय नाही, नुसते डोळे वर. दुसऱ्या मजल्यावरून ते डोळे पांढरेच दिसत. "कुणाची गो लागणार दृष्ट? तुझी?" सत्यवतीनं वरूनच विचारलं होतं. "माजी लागंल, समुद्राची लागंल, त्या आप्पांच्या कुत्र्याची लागंल. तू तिला उतरव आधी." "आमच्याकडं नाही हो लागत दृष्टबिष्ट. तू बांगडे दाखव." मग ठमाबाई तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलली, घरमालक आप्पांनी खालच्या पडवीतून येऊन तिची पाटी उतरवायला हात दिला, आणि सत्यवतीनं चिमाच्या कमरेभोवतीचा हात तसूभरही घट्ट न करता दुसऱ्या हातानं परडीची दोरी खाली सोडली. कॉलेजात असताना तिनं 'अंधश्रद्धा आणि आजची स्त्री' या विषयावर वक्तृत्वाचं दुसरं बक्षीस मिळवलं होतं. तो पितळी कप बाहेरच्या खोलीतल्या फळीवर होता आणि त्यात चिमाचे खडू ठेवलेले होते.

आज, दिवाळीला आठ दिवस उरलेले असताना, सकाळी साडेदहाच्या सुमाराला ती स्वयंपाकघरात विळीवर बसून नारळ खवत होती आणि बाहेर धप्प असा आवाज झाला. नारळ पडला, असं तिच्या मनात आलं. रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाच्या मनात दुसरं येणार तरी काय? दिवसातून दोनतीनदा असा आवाज व्हायचा, आप्पांच्या कुंपणालगत चार माड होते, आणि त्या आवाजाला माणूस इतका सरावतो की कान तो ऐकतात आणि तिथल्या तिथं टाकून देतात. तिनंही टाकून दिला. वाटी फिरवली आणि आणखी एकदा खवली. पुन्हा फिरवली, पुन्हा खवली. दोन वेळा. खोबऱ्याचा पांढरा कीस परातीत पडताना तिला दिसत होता. मग तिचा हात थांबला. का थांबला हे तिला आधी कळलंच नाही. नारळ पडताना आधी वर झावळांत सळसळ होते, मग क्षणभर काहीच नाही, मग धप्प. या आवाजाआधी सळसळ झाली नव्हती. आणि दुसरं म्हणजे बाहेरच्या खोलीतून इतका वेळ येत असलेली चिमाची बडबड बंद झाली होती. केव्हा बंद झाली? धप्पच्या आधी की नंतर? तिनं मनातल्या मनात मागं जाऊन ऐकायचा प्रयत्न केला, आणि मागं नुसती खवण्याची खरखर होती.

ती उठली. पळाली नाही. नंतर कितीतरी दिवस तिला याचंच नवल आणि याचीच शिसारी वाटत राहिली की ती पळाली नाही. विळी तिनं आडवी करून ठेवली, कारण उभी विळी टाकून उठू नये हे आईनं लहानपणी हातावर चापट मारून शिकवलेलं. म्हणजे पोरगी विळीवर पडू नये एवढं भान त्या क्षणीही तिच्या हाताला होतं, तिच्या हातांना सगळं माहीत होतं. फक्त एक गोष्ट माहीत नव्हती. हात पदराला पुसत ती स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. सहा पावलं होती. त्या सहा पावलांत तिला अंगण दिसलं. डोळ्यांनी नाही, पोटात दिसलं. आप्पांनी अंगणात मोठ्या हौसेनं जांभ्याचे चिरे बसवून घेतले होते, चिखल होऊ नये म्हणून. तांबडे, खरबरीत, उन्हानं तापलेले चिरे. तिच्या माहेरी लांज्याकडच्या गावात अख्खं घर याच दगडाचं होतं. लहानपणी चिऱ्यावर गुडघा फुटला की काका म्हणायचा, दगडाचं तांबडं आणि तुझं तांबडं, कुठलं कुठलं कळत नाही बघ. ते वाक्य इतक्या वर्षांनी आत्ता कुठून आलं? सहाव्या पावलाला तिनं ठरवून टाकलं की चिमा खिडकीखालच्या ट्रंकेमागं लपलेली आहे. हल्ली लपायचा नाद लागला आहे तिला. आपण "कुठं गेली गो चिमी?" म्हणायचं आणि ती खुदकन हसेल.

खिडकीत पायांचे दोन तळवे होते. एवढंच. लहान, मळके, वर वळलेले तळवे, आणि त्यांच्या वर फ्रॉकचा घेर, आणि त्यानंतर आभाळ. चिमा ट्रंकेवर चढून खिडकीच्या कडेवर पोटावर आडवी झाली होती, डोकं, हात, छाती सगळं बाहेर, आणि दोरी तिच्या मुठीत होती. परडी खाली सोडली होती तिनं, अगदी आई सोडते तशी, हळूहळू, हात बदलत. आणि परडी कुठं पोचली ते बघायला ती आणखी थोडी पुढं, आणखी थोडी पुढं सरकत होती. पाय ट्रंकेला टेकलेले नव्हते.

आपली हाक घशात तयार झाली होती, हे सत्यवतीला आठवतं. छातीत श्वास भरला गेला होता, तोंड उघडलं होतं, "चि" एवढं जिभेवर आलं होतं. ती हाक बाहेर पडली असती तर पोर दचकली असती. ती हाक बाहेर का पडली नाही? शहाणपणानं नाही. खालून, त्याच वेळी, ठमाबाईचा आवाज आला म्हणून. आणि तो आवाज इतका साधा, इतका रोजचा, जरा लाडात आलेला असा होता की सत्यवतीची हाक तिथल्या तिथं जिरली. "चिमाबाय, हे गो काय? आवशीनं हाक मारलान ना तुला? मागं बघ. खाऊ आणलान तिनं, मागं बघ बाय. माझी शानी ती. हळू. मागं." तिथून खालून ठमाबाईला सत्यवती दिसत नव्हती. खोलीत कुणी आहे की नाही हेही तिला ठाऊक नव्हतं. चिमानं "खाऊ?" असं विचारलं आणि कडेवर दोन्ही हात टेकून मान मागं वळवली. हात टेकल्यावर छाती वर आली, पोट आत आलं, पाय खाली झुकले, आणि सत्यवतीच्या मुठीत एक घोटा आला. तो घोटा घामानं ओला होता. तिनं तो धरला नाही, खेचला. पोर कडेवरून खरचटत ट्रंकेवर, ट्रंकेवरून तिच्या अंगावर आली, हनुवटी आपटली, रक्त आलं, आणि ते रक्त बघून सत्यवतीला जे वाटलं ते ती कधी कुणाला सांगू शकली नाही. तिला आनंद झाला. रक्त वाहतंय. पोर ओरडतेय.

फरशीवर बसून तिनं चिमाला इतकं घट्ट धरलं की चिमा रडायची थांबून "सोड, सोड" म्हणायला लागली. मग केव्हातरी तिनं खिडकीशी जाऊन, गुडघ्यांवरच, कडेला हनुवटी लावून खाली पाहिलं. अंगणात दारापासून निम्म्या वाटेपर्यंत मासळी पसरली होती. बांगडे, मांदेली, दोन सौंदाळे, सगळं तांबड्या चिऱ्यांवर चकाकत होतं. पाटी पालथी पडून कुंपणापर्यंत घरंगळली होती. डोक्यावरची चुंबळ एकीकडं, कोयती एकीकडं. ठमाबाईची पाटी कधी पडत नसे. चाळीस वर्षं ती डोक्यावरून मासळी विकत होती आणि उतरवायला कुणी हात दिल्याशिवाय तिनं पाटी खाली ठेवलेली रत्नागिरीत कुणी पाहिली नव्हती. तो धप्प तिच्या पाटीचा होता. आणि ठमाबाई, साठीची, गुडघे धरलेली ठमाबाई, खिडकीच्या बरोबर खाली लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी झोळीसारखा पसरून अजून उभी होती. पोर आत गेल्याला किती वेळ झाला होता, तरी तिचे हात खाली आले नव्हते. परडी तिच्या कपाळासमोर दोरीला लोंबकळत हळूहळू गिरकी घेत होती. परडीत चिमानं आपली लाकडी ठकी बाहुली ठेवलेली होती. मासे घ्यायला पाठवली असावी.

ही परडी सत्यवतीचीच अक्कल. जिना अंधारा, पायऱ्या उंच, काखेत पोर घेऊन दोन मजले उतरायचं, पिशवी घेऊन चढायचं, आणि नवरा महिपत मुंबईला गोदीत, वर्षातून दोनदा येणारा. गेल्या वर्षी या घरात आल्यावर तिनं काथ्याची दोरी खिडकीच्या कडीला बांधली आणि परडी सोडायला सुरुवात केली. वरून विचारायचं, खालून दाखवायचं, परडीतून यायचं. सगळ्या आळीला गंमत वाटली. मग चिमा मोठी व्हायला लागली, तिलाही बघायचं असे. म्हणून खिडकीखाली ट्रंक आली. महिपतनं मुंबईहून एस.टी.च्या टपावरून पाठवलेली हिरवी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर गोधडीची घडी, म्हणजे पोरीच्या गुडघ्यांना टोचायला नको. हे सगळं तिनं केलं. गोधडीची घडी घालताना हातानं सपाट केलेल्या सुरकुत्याही तिला आठवत होत्या. "विचार, काय हाय म्हणून विचार," असं तिनंच शिकवलं, आणि चिमा खिडकीतून ओरडायची, "ठमाये, काय हाय गो?" आणि आप्पा खालून म्हणायचे, "आली हो आमची मोठी गिऱ्हाईक!" आणि सगळे हसायचे. महिपतला तिनं पत्रात लिहिलं होतं, चिमा आता मासे घेते. त्यानं उत्तरात लिहिलं होतं, बघायला यायला हवं.

आणि गज. गजांचं तर दुसऱ्या कुणावर ढकलताच येत नव्हतं. इमारतीचं काम संपत आलं तेव्हा आप्पांनी विचारलं होतं, "सूनबाई, लोहार आलाय, तुमच्या खिडकीला गज लावून घेऊ ना?" आणि ती म्हणाली होती, "नको आप्पा. समुद्र दिसू दे." माहेरच्या माजघरात एकच खिडकी होती, वीतभर रुंद, लाकडी गजांची. त्या खिडकीच्या उजेडात बसून तिनं मॅट्रिकचा अभ्यास केला होता, आणि गजांच्या सावल्या पुस्तकावर आडव्या पडायच्या, ऊन सरकलं की ओळी बदलायच्या. गावातली कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी. त्या गजांतून बाहेर बघताना तिनं कधीतरी ठरवून टाकलं होतं की आपल्या घराला असली खिडकी नसेल. ठरवताना ती चौदा वर्षांची होती. चौदा वर्षांच्या पोरीनं ठरवलेलं आपण तेविसाव्या वर्षी पार पाडलं, आणि ते कुणासाठी करतोय याचा विचार केला नाही. माजघरातल्या त्या खिडकीशी तिची धाकटी भावंडं दिवसभर लोंबकळायची, गज धरून उभं राहायला शिकायची, गजांना तोंड लावून चोखायची. कुणाचं लक्ष नसायचं. लक्ष द्यायची गरजच नव्हती, हे तिला आत्ता, फरशीवर बसल्या बसल्या, पहिल्यांदा कळलं.

ती खाली उतरली तेव्हा चिमा तिच्या काखेत होती आणि आप्पा वाकून मासळी गोळा करत होते. कुत्रं त्यांनी आधीच बांधलं होतं. "धुऊन घेऊ, काय होत नाय," असं ते स्वतःशीच म्हणत होते. ठमाबाई पायरीवर बसली होती. दोन्ही हात तिनं पदराखाली घेतले होते. सत्यवतीला काहीतरी बोलायचं होतं, मोठं, नाटकात बोलतात तसं काहीतरी, आणि तिच्या तोंडून निघालं, "तुझी मासळी गेली गो." ठमाबाईनं तिच्याकडं पाहिलं. "मासळी जातेच. मसनात जाऊ दे मासळी." मग चिमाची हनुवटी बोटानं उचलून पाहिली. "हळद लाव. लगेच लाव." चिमा तिला म्हणाली, "ठमाये, तू पाटी पाडलीस." "पाडली तर. आता तू मला ओरड." चिमा खरोखरच ओरडली, बोट नाचवून, आणि आप्पा हसले, पण त्यांचा आवाज मध्येच बदलला आणि ते उगाच नळाकडं गेले.

"तू मला सरळ का नाही सांगितलंस?" सत्यवतीनं विचारलं. तिच्या आवाजात राग होता हे तिला स्वतःलाच ऐकू आलं. "दृष्ट लागते म्हणालीस. दृष्ट! सरळ सांगायचंस ना, पोर..." आणि तिचंच वाक्य तिथं थांबलं. ठमाबाई तिच्याकडं बघत होती. "बोल की," ठमाबाई म्हणाली. "तू शिकलेली ना? बोल." सत्यवतीनं तोंड उघडलं. चिमा तिच्या काखेत होती, कोमट, जड, हनुवटीवर वाळलेलं रक्त. शब्द साधाच होता. पण तो या पोरीच्या डोक्यावरून उच्चारायचा म्हणजे. "बघ," ठमाबाई म्हणाली, टोचून नाही, नुसतंच. "नाय बोलवत. लेकराबद्दल तसलं बोलायचं नसतं. आमच्यात कुणी बोलत नाय, तुमच्यातपण कुणी बोलत नाय. मग काय सांगणार? दृष्ट लागंल म्हणायचं. घरच्यांनी समजून घ्यायचं." मग म्हणाली, "मलापण तसंच सांगितलं होतं. आम्ही मुंबईत होतो तवा. माझगावला, तिसरा माळा. शेजारीण म्हणाली, ठमे, पोरीला गॅलरीत सोडू नको, दृष्ट लागंल. मी काजळाची तीट लावली. हयसर, गालावर. चांगली मोठी लावली." तिनं पदरातून हात काढला आणि जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर धरला. "गंगा नाव होतं." हात थोडा वेळ तसाच अधांतरी राहिला, कुणाच्या तरी डोक्यावर ठेवावा तसा. मग तिनं तो मागं घेतला. "चल, तुझी परडी वर घे. वाऱ्यानं हलते ती, मला बघवत नाय."

तो दिवस आणि पुढचे चार दिवस सत्यवती त्याच घरात राहिली, पण घर बदललं होतं. प्रत्येक वस्तू कशावर तरी चढण्यासाठी आहे असं दिसू लागलं. खुर्ची, पाट, उलटी घातलेली बादली, भिंतीशी रचून ठेवलेल्या उशा. ट्रंक तिनं ओढत स्वयंपाकघरात नेली, तर तिथं जाळीच्या कपाटाखाली ती पुन्हा एक पायरीच झाली, मग तिथून बाथरूमच्या पडवीत. खिडकीची दारं लावून तिनं ती त्याच काथ्याच्या दोरीनं करकचून बांधली. सात गाठी मारल्या. खोलीत अंधार आणि उकाडा. चिमा दाराशी उभी राहून "उघड, ठमाये येईल" म्हणायची. भात शिजायला टाकला की ती बाहेर येऊन गाठी बघून जायची. डाळीला फोडणी दिली की पुन्हा बघून जायची. आंघोळीला चिमाला घेऊनच जायची. झोपेत नाही, जागेपणीच, काहीतरी करताना अचानक तिच्या मुठीत तो घोटा यायचा, ओला, निसटता, आणि ती हातातलं जे असेल ते घट्ट धरायची. पण त्याहून वाईट होतं ते खवण्याचं. त्या आवाजानंतर आपण दोनदा खवलं. पाटीऐवजी दुसरं काही असतं, तरीही आपण दोनदा खवलं असतं. जगात तेवढी दोन वेळा खरखर झाली असती आणि आपल्याला ठाऊक नसतं. तिनं चार दिवस नारळ आणला नाही. बिननारळाची आमटी चिमानं थुंकून टाकली.

आप्पांनी लोहाराला निरोप धाडला. लोहार म्हणाला दिवाळीनंतर. आप्पा स्वतः जाऊन बसले त्याच्या भट्टीपाशी आणि पाचव्या दिवशी गज घेऊनच आले. माणूस ठोकत होता तेव्हा ते मागं उभे होते. "मी तेव्हाच विचारलं होतं, सूनबाई. तुम्ही म्हणालात समुद्र." "म्हणाले," ती म्हणाली. "तसा समुद्र दिसतोच गजांतूनही," आप्पा म्हणाले, आणि मग, बोलून गेल्यावर वाईट वाटलं असावं, "मीही ऐकायला नको होतं तुमचं. घर माझं आहे. मला काय कळत नव्हतं?" लोहारानं गजांमध्ये चार बोटांचं अंतर ठेवलं होतं. सत्यवतीनं चिमाचं डोकं हातानं मापलं, मग प्रत्येक फटीत आपली मूठ घालून बघितली. एक फट जरा सैल वाटली. "तिथं आणखी एक घाला," ती म्हणाली. लोहार हसला. "बाई, मांजर नाय जायचं इथून." "घाला," आप्पा म्हणाले.

गज लागले त्या दिवशी चिमाला आप्पांजवळ देऊन ती वर तिसऱ्या मजल्यावर गेली. तिथं तुळसा राहायची, नवऱ्याची पोस्टात नोकरी, आणि तिचा शिवा दहा महिन्यांचा, नुकता धरून उभा राहायला लागलेला. तुळसाच्या खिडकीलाही गज नव्हते. सत्यवतीनं समुद्र मागितला तेव्हा आप्पांनी तोच न्याय वरच्या मजल्याला लावला होता. खिडकीला लागूनच खाट होती, वारा यावा म्हणून, आणि खाटेवर शिवा खिडकीच्या कडेला धरून उभा होता, पाय वाकवत, ताठ करत, वाकवत. तुळसा दाराशी चकलीचं पीठ मळत बसली होती. "ये गो, बस," ती म्हणाली. "तुमच्याकडं काय तो ठोकाठोकीचा आवाज सकाळपासनं?" सत्यवतीचा डोळा शिवावर. ती आली होती सांगायला. जिना चढताना तिनं वाक्य तयार केलं होतं, वक्तृत्वाला करायची तसं, आधी मुद्दा मग उदाहरण. आणि त्या बाळाकडं बघताना, त्याच्या मानेवरच्या घडीत अडकलेली पावडर बघताना, तिच्या तोंडून आलं, "त्याला असा उघड्या खिडकीत ठेवू नको गो. दृष्ट लागते."

तुळसा हसली. पिठाचे हात वर करून, डोकं मागं टाकून हसली. "अगो बाय! तू? बी.ए. ना गो तू? दृष्ट!" सत्यवतीही हसली, ओशाळून. म्हणाली, "बघ ना." आणि चकलीला तीळ घातलेस का असं काहीतरी विचारून ती निघाली. सहा पायऱ्या उतरली. सातव्या पायरीवर तिचा पाय थांबला, तसाच जसा त्या दिवशी विळीवर हात थांबला होता. मोजून दोनदा खवल्यावर. तिला तुळसाचं हसणं ओळखीचं वाटलं. हे हसणं तिनं आतून ऐकलं होतं, स्वतःच्याच गळ्यातून, भाद्रपदात, परडी सोडताना. आणि ठमाबाई गालावर मोठी तीट लावत होती. चांगली मोठी.

ती परत वर चढली. तुळसा अजून हसतच होती. "काय विसरलीस?" सत्यवती उंबऱ्यात उभी राहिली, चौकटीला धरून, आणि म्हणाली, "शिवा पडेल." तुळसाचे हात पिठात थांबले. "खिडकीतून पडेल तो. खाली चिरे आहेत. चिमा पडत होती. मी नारळ खवत होते. खाट हलव तुळसा, तो पडेल, मरेल." शब्द बाहेर आले, तसे आले, उघडे, कसलंही वस्त्र न घातलेले, आणि तिचे तिलाच इतके भयंकर वाटले की तिनं चौकट आणखी घट्ट धरली. तुळसाचा चेहरा पांढरा पडला, मग लाल झाला. ती पिठाच्या हातांनीच उठली. "शुभ बोल गो! दिवाळी आलेय आणि माझ्या दारात उभी राहून... माझ्या पोरावर... चालती हो. जा आधी!" आणि तिनं दार लावलं. कडीवर, दारावर, पिठाची बोटं उमटली असणार. सत्यवती बाहेर उभी राहिली. आत शिवा रडायला लागला. तुळसाही रडत होती बहुतेक, काहीतरी शिव्याशाप देत होती. आणि मग फरशीवरून लाकूड ओढल्याचा आवाज आला, कर्कश, लांबलचक, मध्ये एकदा थांबून पुन्हा. खाटेचे पाय होते ते. सत्यवती तो आवाज संपेपर्यंत उभी राहिली. तुळसा पुढं तीन महिने तिच्याशी बोलली नाही, आणि सत्यवतीला त्याचं काही वाटलं नाही.

तेव्हापासून तिला ती एक खोडच लागली. बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर, डॉक्टरांकडं नंबर लावून बसलेली असताना शेजारच्या बाईला ती मध्येच तिच्या पोराबद्दल विचारते. बायका चमकतात, काहीजणी तोंडावर बोट ठेवतात, एकीनं तर उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसणं पसंत केलं. ती विचारायचं सोडत नाही. तुम्ही त्या जिन्यावर तिला भेटला असतात तर तुम्हालाही तिनं थांबवलं असतं, काखेत चिमा, हनुवटीवर पांढरा व्रण राहिलेली, आणि विचारलं असतं: तुमच्याकडं लहान कोण आहे? आत्ता कुठं आहे? आतल्या खोलीत खेळतंय म्हणता, पण आवाज शेवटचा केव्हा ऐकलात? मला सांगू नका. हातातलं ठेवा, विळी आडवी करा, आणि आत जाऊन बघून या.